मापाची सायकल

गेल्या सप्टेंबरात भिशीचा नंबर आमचा लागला. बारा घरांची भिशी, महिन्याला सहा हजार, एकूण ७२,००० रुपये. मोहल्ल्यातल्या बायकांनी चालवलेली ही भिशी एकोणीस वर्षांची आहे. तिच्यावर कुणाच्या मुलीचे लग्न निघाले, कुणाच्या घरावर पत्रा चढला, आमच्या थोरल्याची कॉलेजची पहिली फी गेली. या खेपेला मात्र पैसे कशासाठी हवेत हे आम्ही कुणाला सांगितले नाही, कारण ऐकणाऱ्याने हसावे अशीच ती गोष्ट होती. आम्हाला दोन सायकली घ्यायच्या होत्या.

हे लिहिणारे आम्ही नवरा-बायको. एक सांगतो, दुसरी खोडते, आणि दोघांना पटेल तेवढेच कागदावर उतरते. राहायला कराडला. एकाचे वय ५३, दुसरीचे ४८. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आमच्यातल्या एकाला सांगितले की साखर काठावर आली आहे, हातपाय हलवा. तेव्हापासून फजरची नमाज झाली की मुलाची जुनी सायकल काढून मसूरच्या रस्त्याने फेरी सुरू झाली. महिनाभराने दुसरी म्हणाली, "एकट्यानेच का? मलाही येते." शाळेत असताना हाफ पायडल मारून शिकलेली सायकल तिने लग्नानंतर बावीस वर्षे हातात धरली नव्हती. पण एकदा शिकलेले अंग विसरत नाही. आठ दिवसांत ती पुढे आणि आम्ही, म्हणजे आमच्यातला उरलेला अर्धा, मागे.

तिचे माहेर दाभोळच्या खाडीपलीकडे. अम्मी एकोणऐंशी वर्षांच्या, एकट्या राहतात. आजवर आम्ही तिकडे एसटीनेच गेलो. पाटण, कोयनानगर, हेळवाक, मग कुंभार्लीचा घाट. दर वेळी घाटात एसटीच्या खिडकीतून खाली कोकण दिसू लागले की ती म्हणायची, "हा रस्ता एकदा सायकलने उतरायचा." दोन-तीनदा ऐकल्यावर ते म्हणणे राहिले नाही, बेत झाला. अम्मींना फोनवर सांगितले तर पलीकडून काही वेळ आवाजच नाही. मग म्हणाल्या, "या. पण मी आहे तोवर या."

हा बेत पुरा व्हायला दोन हिवाळे जास्तीचे लागले. ते का लागले, हे सांगण्यासाठीच हा लेख. कारण चूक आमची होती आणि ती कुणाच्याही घरात होऊ शकते.

लांबच्या प्रवासाची सायकल म्हणजे टूरिंग सायकल. ती शर्यतीच्या सायकलीपेक्षा वेगळी असते. शर्यतवाल्याला हलकी आणि चपळ हवी. प्रवासाला निघालेल्याला सामान लादून दिवसभर सरळ चालणारी हवी. म्हणून तिची फ्रेम बहुधा स्टीलची असते. जड असते, पण धक्के सोसते, आणि वेळ आली तर गावातल्या वेल्डरकडेही तात्पुरती जोडून घेता येते. मागचे चाक थोडे लांब बसवलेले असते, नाहीतर पायडल मारताना टाच मागच्या पिशवीला लागत राहते. कॅरिअर बसवायला फ्रेमवर तयार भोके असतात. टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंद, चाकाच्या तारा जास्त, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे घाट चढायला हलके गिअर. पुढची चकती २६ दात्यांची आणि मागची ३४ दात्यांची असेल तर पायडलच्या एका फेऱ्याला सायकल जेमतेम पावणेदोन मीटर पुढे जाते. शर्यतीच्या सायकलीवर ३४ आणि २८ असे दाते असतील तर तीच सायकल अडीच मीटरहून जास्त पळते. सपाटीवर हे ऐकायला छान वाटते. घाटात गुडघ्याला विचारावे.

एवढे सगळे आम्ही वाचून ठेवले होते. जे वाचले नव्हते, तिथेच अडकलो.

२०२४ च्या जानेवारीत पुण्यातल्या एका दुकानात सेल लागला होता. टूरिंग सायकल, छापील किंमत ४८,००० रुपये, सवलत २५ टक्के. म्हणजे ३६,०००. बारा हजारांची बचत! आमच्या घरात बारा हजार म्हणजे दोन महिन्यांची भिशी. सायकल मात्र एल मापाची होती आणि कंपनीच्या तक्त्यात ५ फूट ७ इंच उंचीसमोर एम लिहिले होते. विक्रेता म्हणाला, "सर, एका मापाने काय होते? सीट खाली घेऊ, हँडल जवळ घेऊ. बसेल." आम्हाला तेच ऐकायचे होते. माणसाला जे ऐकायचे असते ते सांगणारा भेटला की पाकीट आपोआप उघडते.

लहानपणी ईदचे कपडे घेताना आमच्या दोघांच्याही घरात एकच नियम होता : वाढत्या अंगाचे घ्या. बाह्या दुमडून घालायच्या, पुढच्या ईदला मापात येतात. ती सवय अशी मुरली होती की पन्नाशीच्या माणसासाठी सायकल घेतानाही आम्ही वाढत्या अंगाची घेतली.

पहिल्या तीस किलोमीटरला काही वाटले नाही. साठ किलोमीटरनंतर उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर झाले. मग मान दुखू लागली. कारण साधे होते. फ्रेम लांब, म्हणून हँडल दूर. हँडल दूर म्हणून अंग पुढे ओणवे. अंग ओणवे म्हणून सगळा भार तळहातावर. तळहाताच्या कडेने करंगळीकडे जाणारी नस तिथे दाबली जाते. फिजिओथेरपिस्ट बाईंनी हात बघताच विचारले, "सायकल चालवता का?"

मग दुरुस्त्या सुरू झाल्या. हँडल आणि फ्रेम जोडणारा तुकडा, ज्याला स्टेम म्हणतात, तो आखूड घातला : १,४०० रुपये. हँडल नजीक आले, पण सायकल पुढून चंचल झाली. उतारावर हात थरथरू लागला. सीट पुढे सरकवली तर गुडघे कुरकुरू लागले, कारण सीटची जागा हातासाठी नसते, पायासाठी असते. दुसरी सीट २,८००. दुसऱ्या घडणीचे हँडल आणि त्यावरची गादीची पट्टी २,६००. माप बसवून देणाऱ्याची फी ३,५००. फिजिओथेरपीच्या आठ बैठका ३,२००. एका रात्री वहीत बेरीज केली. १३,५०० रुपये. वाचवले होते बारा हजार.

आणि सायकल तरीही मोठीच होती.

आमच्या गल्लीतल्या शिंप्याने हे आम्हाला एका वाक्यात समजावले. तो म्हणाला, "कुर्त्याची बाही लांब असली तर मी आखूड करतो. घेर जास्त असला तर टीप घालतो. पण खांदाच उतरला असेल तर कुर्ता परत न्या, मी काही करू शकत नाही." फ्रेम म्हणजे सायकलचा खांदा. सीट, स्टेम, हँडल या बाह्या. बाह्या दुमडता येतात.

तो हिवाळा गेला, पुढचाही गेला. दरम्यान अम्मींचा एक गुडघा धरला. फोनवर विचारायच्या, "आलात का निघून?" आम्ही म्हणायचो, "हात बरा झाला की." एका संध्याकाळी फोन ठेवल्यावर आमच्यातली एक काही बोलली नाही. नुसती उठून बधिर हाताला लावायचे तेल गरम करायला गेली. ती न बोललेली गोष्ट दुसऱ्याला बरोबर कळली.

म्हणून भिशी लागल्यावर आम्ही दुकानाआधी भिंतीकडे गेलो. अनवाणी, पाठ भिंतीला टेकवून, पाय थोडे फाकवून उभे राहायचे. जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दोन्ही मांड्यांमध्ये धरून वर दाबायचे, जणू सीटवर बसलो आहोत. पुस्तकाची वरची कड भिंतीला जिथे टेकते तिथे पेन्सिलीची रेघ. जमिनीपासून रेघेपर्यंतचे अंतर म्हणजे पायाचे आतले माप. एकदा मोजून भागत नाही; तीनदा मोजावे. आमची मापे निघाली ७१ आणि ७९ सेंटिमीटर. या मापाला ०.८८३ ने गुणले की पायडलच्या मधल्या धुरीपासून सीटच्या वरच्या कडेपर्यंतची उंची साधारण मिळते : एकीची ६२.७, दुसऱ्याची ६९.८. हे गणित लोकप्रिय केले ते तीन वेळा टूर द फ्रान्स जिंकलेल्या ग्रेग लेमाँड या अमेरिकन सायकलपटूने. सगळ्यांना ते तंतोतंत लागू पडेल असे नाही, पण सुरुवात करायला ठीक. गणित नको असेल तर सोपी खूण आहे. सीटवर बसून पायडल अगदी खाली आणावे आणि त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला पाहिजे आणि कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग पंजाने पायडल मारताना गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो. सीट फार खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो, फार वर असेल तर मागून.

दुसरी गोष्ट कळली ती अशी की एस, एम, एल ही अक्षरे कंपनीगणिक बदलतात. एकाचे एम ते दुसऱ्याचे एल. म्हणून फ्रेमची दोन मापे विचारावीत. पायडलच्या धुरीपासून सरळ वर हँडलच्या नळीच्या टोकापर्यंतची उंची, तिला स्टॅक म्हणतात. आणि त्याच धुरीपासून त्या टोकापर्यंतचे आडवे अंतर, ते रीच. ही दोन मापे कंपनीच्या तक्त्यात छापलेली असतात. दोन सायकलींची तुलना करायची तर अक्षरे बाजूला ठेवून हे आकडे शेजारी शेजारी मांडावेत.

ऑक्टोबरात पुन्हा पुण्याला गेलो. दुकान वेगळे, पाटी तीच : २५ टक्के सूट. मॉडेल जाऊन नवे येणार होते, म्हणून जुना माल काढत होते. सायकलच्या पट्टीवर छापील किंमत होती ५६,०००. पंचवीस टक्के वजा, ४२,०००. या खेपेला आम्ही वही नेली होती.

वहीत पहिली ओळ सरकारची होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ५६,००० ही जुन्या कराची किंमत. त्यातले ५०,००० सायकलचे आणि ६,००० कराचे. नव्या कराने तीच सायकल ५२,५०० ची होते. म्हणजे ४२,००० हा भाव नव्या किमतीवर २५ टक्के नाही, २० टक्के कमी. उरलेली सूट दुकानाची नव्हे, ती सगळ्यांनाच मिळणार होती. यात फसवणूक होती असे आम्ही म्हणत नाही. पट्टी जुनी होती, एवढेच. पण सवलत मोजायची ती पट्टीवरून नाही, आज तीच वस्तू दुसरीकडे केवढ्याला मिळते त्यावरून.

दुसरी ओळ हप्त्यांची. विक्रेत्याने सहा महिन्यांची नो-कॉस्ट ईएमआय सुचवली. व्याज नाही म्हणाला. आम्ही विचारले, हप्त्याने घेतली तरी सूट २५ टक्केच का? तो म्हणाला, नाही, मग १५. म्हणजे ४७,६००. रोखीने ४२,०००, हप्त्याने ४७,६००. मधले ५,६०० रुपये कशाचे, हे त्याने सांगितले नाही आणि आम्हीही पुन्हा विचारले नाही. रिझर्व्ह बँकेनेही २०१३ मध्ये बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते. ज्या घरात सूद टाळायचा म्हणून भिशी चालते, त्या घराने सूट या शब्दाआड लपलेला सूद तरी ओळखायला हवा.

आता खरी परीक्षा. दुकानात मापे होती एम आणि एल. आमच्यातल्या एकाला एम हवी होती. तो बसला, टाच टेकवून पाहिली, हँडलवर हात ठेवला. कोपरे सैल, खांदे खाली, बोटांवर भार नाही. सायकल त्याची होती.

दुसरीला एस हवी होती. ती नव्हती. विक्रेत्याने आधी तिच्याकडे न बघता तिच्या नवऱ्याला विचारले, "मॅडमसाठी बास्केटवाली लेडीज दाखवू का?" तिने स्वतःच सांगितले की घाट चढायचा आहे. मग तो म्हणाला, "एमच घ्या. सीट खाली करू. आणि दोन घेतल्यात तर आणखी पाच टक्के." वही उघडली. २५ आणि ५ मिळून ३० होत नाहीत. ४२,००० वर ५ टक्के वजा म्हणजे ३९,९००. दोन सायकली ७९,८००.

कोल्हापूरच्या एका दुकानात आम्ही आधीच चौकशी केली होती. तिथे तिच्या मापाची सायकल मागवून मिळणार होती. किंमत ५२,५००, सूट फक्त ५ टक्के, म्हणजे ४९,८७५. एक सायकल पुण्याहून आणि एक कोल्हापुरातून घेतली तर ९१,८७५. दोन्ही पुण्यातून घेतल्या तर ७९,८००. फरक १२,०७५.

पुन्हा तेच बारा हजार.

खोटे कशाला बोलावे, आमच्यातला एक डळमळला. त्याने म्हणून पाहिले, "एकदा बसून तर बघ." ती बसली. वरची नळी ओलांडून उभी राहिली तर नळी अंगाला लागली. तिथे दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा हवी, नाहीतर अचानक उतरताना इजा होते. हँडलपर्यंत हात पोचायला कोपरे ताठ झाले. ब्रेकची मूठ बोटांत नीट मावेना. ती उतरली आणि सगळ्यांसमोर, शांतपणे म्हणाली, "अहो, दोन वर्षं तुमच्या हाताला तेल मी चोळलं. माझ्या हाताला कोण चोळणार?"

एक एम घेतली. रोख ४२,०००.

घरी येताना एसटीत आमच्या लक्षात आले की एकाच दुकानातली एकच सूट एकाला फायद्याची होती आणि दुसरीला तोट्याची. सेलमध्ये बहुतेक वेळा सूट सायकलवर नसते, उरलेल्या मापावर असते. चालणारी मापे आधी विकली जातात. राहतात ती फार मोठी, नाहीतर फार लहान. आपले माप त्यात असेल तर अल्लाहचा शुक्र म्हणून घ्यावी. नसेल तर ती सूट आपल्यासाठी नाहीच.

कोल्हापूरच्या दुकानदाराने तिची उंची, पायाचे माप, हाताची लांबी स्वतः विचारून लिहून घेतली. त्याने आम्हाला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगितली. लहान फ्रेमला मोठी, सातशे मापाची चाके लावली की पुढचे चाक पायाच्या फार जवळ येते आणि वळताना बूट चाकाला घासतो. म्हणून बुटक्या माणसाच्या सायकलीला किंचित लहान, साडेसत्तावीसची चाके बरी. पायडलची दांडीही १७० ऐवजी १६५ मिलिमीटरची. ब्रेकच्या मुठीला बहुधा एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की मूठ बोटांजवळ येते. तो असेल त्या सायकलीवर फुकटात फिरवता येतो. त्याने तिला अर्धा तास रस्त्यावर सायकल चालवू दिली. स्टेम नको वाटला तर महिनाभरात बदलून देईन म्हणाला, पैसे न घेता. पाच टक्क्यांच्या सुटीत न दिसणारी ही खरी सूट.

बहिणींसाठी दोन गोष्टी इथेच सांगतो. हेल्मेट घेताना स्कार्फ बांधून माप घ्यावे, नंतर बांधून बसत नाही. आणि ओढणी सायकलवर नकोच. ती चाकात गेली तर गळ्याला फास बसतो. पिन केलेला सुती स्कार्फ, गुडघ्यापर्यंतचा चिरा असलेला कुर्ता, सलवारीच्या मोहरीला चेनच्या बाजूने रबर, एवढ्यावर सगळे पडदे सांभाळून ती दिवसभर चालवते.

एक हिशेब अजून बाकी होता. जुनी एल सायकल विकायची होती. आम्ही २४,००० सांगितले. सांगलीहून कॉलेजचा एक मुलगा बघायला आला, चांगला पाच फूट अकरा इंच. सायकलवर बसला आणि आम्ही बघतच राहिलो. जी सायकल आमच्या अंगावर दोन वर्षे रुसली होती, ती त्याला शिवल्यासारखी बसली. त्याने विचारले, "काका, का विकताय? फार चालवली नाही वाटतं?"

होकार द्यायला जिभेला काय लागते? पण आमच्यातली दुसरी चहा घेऊन बाहेर आली होती आणि तिथेच उभी राहिली. आमचे आजोबा कापडाची फेरी करायचे. गाठोडे सोडले की जो ठाण कुठे विरला असेल तो आधी वर काढायचे. म्हणायचे, ऐब आधी दाखव, भाव नंतर सांग. ते आठवले. मुलाला सांगितले : चार हजार किलोमीटर चालली आहे. मागच्या चाकाचा दोनदा आउट काढला आहे. एकदा पडली, तेव्हा मागच्या गिअरची पट्टी वाकली होती, ती सरळ केली आहे. स्टेम बदलला आहे, मूळचा डब्यात आहे, तुला मूळचाच लागेल. आणि विकतो आहोत कारण ती आमच्या मापाची नव्हती. घेताना कुणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. मग आम्हीच दीड हजार कमी केले. २२,५०० ठरले.

मुलगा म्हणाला, "बाकीचे तर सगळे 'एकदम नवी' म्हणाले." त्याने मूळचा स्टेम तिथेच आमच्या अंगणात बसवला आणि सायकल घेऊन गेला. दोन वर्षांपूर्वी आम्हाला "बसेल" म्हणणाऱ्या माणसाबद्दल मनात जी अढी होती, ती त्या दिवशी थोडी सैल झाली. अढी धरून त्याच्यासारखेच वागणे सोपे होते.

अखेरचा ताळा असा : ९१,८७५ मधून २२,५०० वजा, ६९,३७५. भिशीतले उरले २,६२५. त्यात दोन कॅरिअर आले. पिशव्या बाजारातल्या ताडपत्री शिवणाऱ्याकडून शिवून घेतल्या.

जानेवारीच्या अखेरीस, रमजानच्या आधी, फजर पढून निघालो. कोयनेच्या काठाकाठाने पाटण, तिथे चहा. कोयनानगरला दुपार. कुंभार्लीचा घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरायचे नाहीत, दाबायचे आणि सोडायचे, हे ती दर वळणावर ओरडून सांगत होती. कराड ते चिपळूण नव्वद किलोमीटरच्या आसपास. मुक्कामाला पोचलो तेव्हा मगरिबची अजान होत होती. सायकलवरून उतरून आम्ही दोघांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे दहाही बोटे मिटून उघडली. सगळी हलली.

दुसऱ्या दिवशी गुहागरच्या रस्त्याने धोपावे, तिथून फेरीबोटीवर. मोटारी आणि स्कूटरींच्या मध्ये आमच्या दोन सायकली उभ्या. वाशिष्ठीची खाडी ओलांडताना समोर दाभोळ, आणि तिथल्या आदिलशाही काळातल्या मशिदीचा घुमट.

अम्मी ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी आधी लेकीला जवळ घेतले, मग जावयाच्या डोक्यावरून हात फिरवला, मग काठी टेकत सायकलींपाशी आल्या. दोन्ही नीट बघितल्या. आणि विचारले, "केवढ्याला पडल्या?"

आम्ही खरे आकडे सांगितले. मुलीची सायकल जावयाच्या सायकलीपेक्षा लहान, आणि आठ हजारांनी महाग. आम्हाला वाटले आता ऐकून घ्यावे लागणार, कारण दाभोळच्या बंदरावर अम्मींनी भाव केला की कोळणी कपाळाला हात लावतात. पण त्या म्हणाल्या, "बसून बघितली होती ना आधी?" हो म्हटल्यावर मान हलवली. "मग झालं. मासळीचे आधी कल्ले उघडून बघायचे. भाव मागाहून."

चार दिवसांनी परत निघालो. कुंभार्ली चढायला आम्हाला अडीच तास लागले, सहा वेळा थांबलो, दोनदा पाणी संपले. ती पुढे होती.

यंदा ईदच्या आधी घराला रंग द्यायचा आहे. बैठकीच्या भिंतीवर ७१ आणि ७९ च्या त्या दोन रेघा अजून आहेत. मोहल्ल्यातली तीन माणसे आतापर्यंत जाड पुस्तक घेऊन त्या भिंतीला पाठ लावून गेली, त्यात आमच्या भिशीतल्या दोन बायका आहेत. रंगाऱ्याला सांगून ठेवले आहे, तेवढी वीतभर जागा सोड.